पात्रता आणि मागणी : प्रगत वर्गांच्या प्रश्नावरील दोन ग्रंथ

अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक शाळांत गणिताचा क्रम ठरलेला असतो. बीजगणिताचा पहिला भाग, भूमिती, बीजगणिताचा दुसरा भाग, कलनपूर्व गणित आणि शेवटी कलन, असे पाच विषय पाच वर्षांत एकामागून एक घ्यावयाचे असतात. शालेय शिक्षण बारावीला संपते. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला बीजगणित आठवीत मिळाले तोच नेहमीच्या चालीने बारावीत कलनापर्यंत पोहोचतो. ज्याला ते नववीत मिळाले त्याची शाळा कलनाच्या उंबरठ्याशी संपते. अभियांत्रिकी आणि भौतिक विज्ञानांच्या शाखांकडे जाणाऱ्याला हा एका वर्षाचा फरक पुढे फार जड जातो. तेरा वर्षांच्या मुलाला अमुक वर्गात बसवावयाचे की नाही ही वरकरणी वेळापत्रकाची बाब. परंतु तिच्यावर त्याच्या पुढील आयुष्याचा बराच भाग अवलंबून असतो. तो वर्ग कोणाला मिळतो, आणि 'हा वर्ग तुझ्यासाठी नव्हे' हे कोण, कोणत्या शब्दांत सांगतो, ह्या प्रश्नावर तेथे विपुल लेखन झाले आहे. त्यांपैकी जीनी ओक्स ह्यांचा 'कीपिंग ट्रॅक' (१९८५) आणि रॉबर्ट मोझेस व चार्ल्स कॉब ह्यांचा 'रॅडिकल इक्वेशन्स' (२००१) हे दोन ग्रंथ येथे विचारार्थ घ्यावयाचे आहेत. पहिला समाजशास्त्रीय पाहणीचा ग्रंथ आहे. दुसरा काही अंशी आत्मकथन व काही अंशी शिक्षणविचार अशा मिश्र स्वरूपाचा आहे. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना दोन्ही परिचित आहेत. भाषेच्या अभ्यासकाने ते शेजारी ठेवून वाचले तर मात्र त्यांतून एक वेगळाच प्रश्न पुढे येतो, आणि तो प्रश्न बोलण्याचा आहे.

प्रथम ह्या वादातील शब्दच पाहिले पाहिजेत. अभ्यासक्रमाच्या निरनिराळ्या वाटांना तेथे 'ट्रॅक' म्हणतात. गाडी एकदा रुळावर चढली म्हणजे ती कोठे जावयाची हे चालक ठरवीत नाही, सांधेवाला ठरवितो. आणि सांधेवाला प्रवाशाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. प्रगत वर्गास योग्य ठरलेले मूल 'गिफ्टेड', म्हणजे देणगी लाभलेले. दाता कोण, हे न सांगण्याची सोय त्या शब्दातच आहे. अयोग्य ठरलेल्या मुलाबद्दल 'ते अद्याप तयार नाही' असा शेरा मारला जातो. 'तयार' हा शब्द मराठीतही मोठा बोलका आहे. 'मूल तयार नाही' ह्या वाक्यात तो विशेषण म्हणून येतो व मुलाच्या ठिकाणी नसलेल्या एका गुणाची नोंद करून थांबतो. 'मुलाला तयार केले नाही' ह्या वाक्यात तोच शब्द क्रियेचा भाग होतो आणि लगेच कर्त्याची चौकशी सुरू होते : कोणी केले नाही? शाळेच्या दप्तरात पहिले वाक्य लिहिले जाते. दुसरे लिहिले जात नाही. आपला 'पात्र' हा शब्दही ह्या संदर्भात तपासण्याजोगा आहे. पात्र म्हणजे ज्यात काही घालता येते ते भांडे. पुढे लायकीचा अर्थ रूढ झाला आणि व्यवहारात जे आधीच भरलेले तेच पात्र ठरू लागले.

ही वर्गवारी अमेरिकेत रूढ कशी झाली ह्याचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अँडोव्हर, एक्झेटर, लॉरेन्सव्हिल ह्या खासगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्सटन, येल ही विद्यापीठे ह्यांनी मिळून एक विचार मांडला : शाळेत पुढे गेलेल्या मुलाला महाविद्यालयात तेच धडे पुन्हा गिरवावे लागू नयेत. त्यातून महाविद्यालयीन दर्जाच्या शालेय अभ्यासक्रमांची योजना निघाली आणि १९५६ पासून तिच्या परीक्षा कॉलेज बोर्ड घेऊ लागले. आज सार्वजनिक शाळांतून ज्या प्रगत वर्गांसाठी झगडा चालतो त्यांचे मूळ असे खासगी शाळांच्या सोयीत आहे. १९५७ मध्ये रशियाचा उपग्रह अंतराळात गेला, १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाने शिक्षणविषयक कायदा झाला, आणि हुशार मुले हुडकून काढण्याच्या चाचण्यांसाठी त्यात पैशाची तरतूद झाली. १९५९ मध्ये जेम्स कोनंट ह्यांनी विषयवार क्षमतागट पाडण्याची शिफारस केली. ह्याच सुमारास राजधानी वॉशिंग्टनमध्ये एक वेगळा प्रयोग चालू होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरविल्या; १९५६ मध्ये कार्ल हॅन्सन ह्यांनी शाळेच्या आत चार वाटा आखल्या. चाचण्यांच्या आधारे मुले त्यांत वाटली जात. ज्युलियस हॉब्सन ह्यांनी ह्याविरुद्ध दावा लावला. १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट ह्यांनी ही पद्धत रद्द केली. चाचण्या प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर प्रमाणित केलेल्या आहेत, त्या गरीब कृष्णवर्णीय मुलाची उपजत शक्ती मोजतात असे म्हणता येत नाही, आणि खालच्या वाटेवर पडलेले मूल क्वचितच वर येते, हे त्या निकालाचे मुख्य मुद्दे होते. शाळेच्या दारावरचा भेद गेला आणि वर्गाच्या दारावर आला, असेच ह्या प्रकरणाचे वर्णन करावे लागते.

ओक्स ह्यांचा ग्रंथ ह्या पार्श्वभूमीवर वाचावयाचा आहे. जॉन गुडलॅड ह्यांच्या मोठ्या शालेय पाहणीतील सामग्री त्यांनी वापरली. २५ माध्यमिक शाळा व त्यांतील जवळजवळ ३०० वर्ग हा त्यांचा आधार. वर कोण व खाली कोण ह्याची नुसती शिरगणती त्या करीत नाहीत. वर्गाचे दार बंद झाल्यावर आत काय चालते हे पाहतात, आणि तेथेच ह्या ग्रंथाचे बळ आहे. वरच्या वर्गात इंग्रजी म्हणजे अभिजात साहित्याचे वाचन आणि विवेचनपर निबंध. खालच्या वर्गात इंग्रजी म्हणजे सराववह्या, सोपी पुस्तके, नोकरीचे अर्ज आणि नमुने भरणे. वरच्या वर्गातील शिक्षक आपले उद्दिष्ट सांगताना स्वतंत्र विचाराचा उल्लेख करतात. खालच्या वर्गातील शिक्षक शिस्तीचा, वेळेवर येण्याचा आणि सांगितले ते करण्याचा. ह्या वर्गात तू सर्वांत महत्त्वाचे काय शिकलास, असा प्रश्न विद्यार्थ्यांनाही विचारला होता. वरच्या वर्गातील मुलांनी तर्कशुद्ध विचार, मत मांडण्याचे धैर्य अशा गोष्टी लिहिल्या. खालच्या वर्गातील कितीतरी मुलांनी गप्प बसणे, नीट वागणे अशी उत्तरे दिली. ही उत्तरे ग्रंथातील अत्यंत अस्वस्थ करणारा भाग आहेत. एकाच इमारतीत एका मुलाला बोलावयास आणि दुसऱ्याला गप्प बसावयास शिकविले जाते, आणि काही वर्षांनी दोघांची बोलण्याची शक्ती मोजून दुसरा मुळातच कमी होता असा निष्कर्ष निघतो.

तथापि ओक्स ह्यांच्या विवेचनात एक उणीव राहते. मूल एखाद्या वाटेवर कसे येते ह्याची कारणे त्या देतात : चाचणी, शिक्षकाची वा सल्लागाराची शिफारस, आणि मुलाची व पालकांची निवड. ही निवड शाळेनेच घडविलेली असते हेही त्या जाणतात. परंतु शिफारस आणि निवड ह्या दोन्ही भाषिक कृती आहेत. कोणीतरी कोणाजवळ काहीतरी बोलावे लागते, कागदावर लिहावे लागते, आणि ते योग्य भाषेत बोलावे-लिहावे लागते. ह्या कृतींची चिकित्सा ग्रंथात जवळजवळ नाही. विद्यार्थ्याचे बोलणे येथे प्रश्नावलीला दिलेल्या उत्तराच्या रूपाने येते. संशोधक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो. जी मागणी कोणी केलीच नाही तिची नोंद अशा पद्धतीत होणे शक्य नाही. ग्रंथाची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये निघाली व तीत नवी प्रकरणे आली. पण ही उणीव त्यांनी पूर्णपणे भरून निघते असे वाटत नाही.

वस्तुतः भाषेचा प्रश्न ओक्स ह्यांच्या आधीच न्यायालयात आणि भाषाविज्ञानातही उभा राहिला होता. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी परगण्यात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजी चाचणीच्या आधारे मंदबुद्धी मुलांच्या वर्गात टाकले होते. त्यांची चाचणी स्पॅनिशमध्ये पुन्हा घेतली तेव्हा बहुतेकांचे गुण त्या मर्यादेच्या वर गेले. 'डायाना' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या दाव्यात १९७० मध्ये तडजोड झाली आणि मुलाच्या घरच्या भाषेत चाचणी घेण्याचे तत्त्व मान्य झाले. त्याच सुमारास विल्यम लाबोव्ह ह्यांनी अप्रमाण इंग्रजीच्या तर्कशुद्धतेवर आपला विख्यात निबंध लिहिला (१९६९). त्यातील आठ वर्षांच्या लिओनची हकीकत भाषाविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी. परीक्षक हार्लेममध्येच वाढलेला, कृष्णवर्णीय, कामात मुरलेला. तरी लिओन एका शब्दापलीकडे उत्तर देईना. मग परीक्षकाने बटाट्याचे काप आणले, लिओनच्या जिवलग मित्राला सोबत बोलाविले, स्वतः जमिनीवर बसला आणि चारचौघांत न उच्चारण्याजोगे शब्द स्वतःच उच्चारून टाकले. त्यानंतर त्या मुलांना थांबविणे कठीण झाले. मूल तेच, भाषा तीच. बोलण्याचा प्रसंग तेवढा बदलला. पहिल्या प्रसंगाची नोंद दप्तरात गेली असती तर लिओन 'तयार नाही' असेच ठरले असते.

शिफारस ही कृती किती निर्णायक असते ह्याचा स्पष्ट पुरावा पुष्कळ उशिरा हाती आला. फ्लॉरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात विशेष बुद्धीच्या मुलांसाठी वेगळे वर्ग होते. शिक्षकाने किंवा पालकाने नाव सुचवावे, मग बुद्धिमापन व्हावे, अशी पद्धत. ज्या पालकांजवळ पैसा होता ते खासगी मानसशास्त्रज्ञाकडूनही मापन करून आणीत. २००५ मध्ये तेथे दुसरीतील प्रत्येक मुलाची एक अशाब्दिक चाचणी घेण्यास आरंभ झाला. तीत विशिष्ट गुण मिळाले की पुढचे बुद्धिमापन शाळेनेच करावयाचे. पात्रतेची रेषा हलविली नाही. सर्वसाधारण मुलांसाठी १३०, गरीब घरच्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी ११६, ह्या मर्यादा आधीच्याच राहिल्या. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो ह्यांनी २०१६ मध्ये ह्या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांचे त्या वर्गांतील प्रमाण मोठ्या प्रमाणावर वाढले होते. म्हणजे ही मुले आधीही तेथेच होती आणि रेषेच्या वरच होती. त्यांचे नाव कोणी उच्चारले नव्हते, इतकेच. त्याच वर्षी जेसन ग्रिसम व क्रिस्टोफर रेडिंग ह्यांनी दाखविले की, गणितात आणि वाचनात सारखे गुण असूनही कृष्णवर्णीय मुलाला अशा वर्गात जागा मिळण्याचा संभव गोऱ्या मुलापेक्षा कमी असतो आणि शिक्षक कृष्णवर्णीय नसेल तेव्हा ही तफावत अधिक जाणवते. शिक्षक दुष्ट असतो असा ह्याचा अर्थ घेण्याचे कारण नाही. नाव सुचविण्यासाठी ते नाव मनात यावे लागते, आणि कोणत्या मुलाचे बोलणे 'हुशारीचे' म्हणून कानाला जाणवते हे ऐकणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते.

मराठी वाचकाला येथे महात्मा फुले ह्यांचे हंटर आयोगापुढील निवेदन आठवल्यावाचून राहणार नाही. १८८२ च्या त्या निवेदनात शिष्यवृत्त्यांचा विचार करताना फुले ह्यांनी म्हटले होते की, स्पर्धेची पद्धत तत्त्वतः न्याय्य असली तरी ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यात ते पसरविण्यास ती उपयोगी पडत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखून ठेवाव्यात. न्याय्य स्पर्धा आणि स्पर्धेपर्यंत पोहोचण्याची वाट हा भेद त्यांनी इतक्या आधी केला होता. अमेरिकेतील वाद त्या भेदापाशी यावयास बराच काळ गेला.

अलीकडच्या कायद्यांनी ही वाट वेगळ्या रीतीने बांधावयास घेतली आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०१७ मध्ये वृत्तपत्रांनी दाखवून दिले की गणितात सर्वोच्च गुण मिळविणारी हजारो गरीब मुले प्रगत वर्गांबाहेर राहत आहेत. २०१८ मध्ये कायदा झाला : वार्षिक चाचणीत गणितात सर्वोच्च पातळी गाठणाऱ्या, तिसरीपासून पुढच्या, मुलाला प्रगत गणित दिलेच पाहिजे आणि पालकाच्या लेखी संमतीवाचून त्याला तेथून काढता येणार नाही. टेक्सासने २०२३ मध्ये पाचवीतील गणितात वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्या मुलांसाठी सहावीत असाच नियम केला. ज्या पालकांना ते नको असेल त्यांनी तसे कळवावे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता हा होकारार्थी विनंतीकडून नकाराकडे झालेला बदल आहे. पूर्वी ज्याला वर्ग हवा त्याने बोलावयाचे होते; आता ज्याला नको त्याने बोलावयाचे आहे. ज्याच्या तोंडी शाळेची भाषा बसलेली नाही, ज्याला सल्लागाराच्या खोलीत शिरताना संकोच वाटतो, ज्याच्या आईला असा वर्ग आहे हेच ठाऊक नाही, त्याचे मौन पूर्वी त्याच्या विरुद्ध जात होते. आता तेच मौन त्याच्या बाजूने मोजले जाते. एका अर्जाचा नमुना बदलण्याने एवढे साधते, हे ह्या प्रश्नावरील मोठमोठ्या घोषणांपेक्षा लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु दार उघडले म्हणजे आतील बोलणे समजते असे नाही, आणि ह्या ठिकाणी मोझेस ह्यांच्या ग्रंथाचा विचार क्रमप्राप्त होतो. मोझेस हार्लेमचे. हार्वर्डमध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, पुढे न्यूयॉर्कमध्ये आणि टांझानियात गणित शिकविले. ह्या दोन अध्यापनांच्या मध्ये मिसिसिपीतील मतदार नोंदणीच्या चळवळीची वर्षे येतात आणि ग्रंथाचा पूर्वार्ध त्या वर्षांचाच आहे. मिसिसिपीत मतदार होण्यासाठी राज्यघटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगावा लागे. समाधान कोणाचे होते आणि कोणाचे होत नाही, हे उघड होते. ग्रीनवूडच्या प्रकरणात न्यायालयापुढे मोझेस ह्यांना विचारण्यात आले की, निरक्षर लोकांना तुम्ही नोंदणीला का नेता? त्यांच्या उत्तराचा आशय असा : एका संपूर्ण समाजाला शिक्षणापासून दूर ठेवावयाचे आणि मग तो निरक्षर आहे म्हणून राजकारणापासूनही दूर ठेवावयाचे, ह्या दोन्ही गोष्टी देशाला एकाच वेळी करता येणार नाहीत. 'तयार नाही' ह्या विशेषणाचे ह्याहून नेमके खंडन क्वचितच कोणी केले असेल. वर ज्या दोन वाक्यांचा भेद सांगितला तोच भेद मोझेस साक्षीदाराच्या जागेवरून सांगत होते.

१९८२ च्या सुमारास केंब्रिज येथे त्यांची थोरली मुलगी आठवीत गेली. तिच्या शाळेत आठवीला बीजगणित नव्हते. मोझेस ह्यांनी वर्गात बसून तिला आणि तिच्याबरोबर आणखी काही मुलांना ते शिकविण्यास आरंभ केला. बीजगणित प्रकल्पाचा उगम हा असा घरगुती आहे. पुढे तेथील पालकांना प्रश्नावली पाठविली गेली, तिची हकीकत उद्बोधक आहे. सातवीतील प्रत्येक मुलाने बीजगणित शिकावे असे फार थोड्या पालकांना वाटत होते. आपल्या मुलाने ते शिकावे असे मात्र प्रत्येकाला वाटत होते. ह्या दोन उत्तरांतील विसंगती पालकांपुढेच ठेवली गेली आणि त्या चर्चेतून सर्वांना बीजगणित देण्याचा निर्णय पुढे आला. ओक्स ह्यांच्या प्रश्नावलीशी ह्या प्रश्नावलीची तुलना करावी. तेथे उत्तरे संशोधकाच्या सारणीत गेली. येथे ती उत्तर देणाऱ्यांकडे परत आली.

ह्या ग्रंथातील भाषाविषयक मर्म अभ्यासक्रमाच्या प्रकरणात आहे. एका मुलाला ऋणसंख्या काही केल्या कळेना. मोझेस ह्यांच्या लक्षात आले की तो प्रत्येक संख्येला 'किती?' हा एकच प्रश्न विचारतो. अंकगणितात तेवढे पुरते. बीजगणितात 'कोणीकडे?' हा दुसराही प्रश्न विचारावा लागतो. मग मुलांना बॉस्टनच्या तांबड्या मार्गावरील भुयारी गाडीने फिरवून आणावयाचे, प्रवासाचे चित्र काढावयास लावावयाचे, नंतर त्या प्रवासाबद्दल मुलांनी आपल्या नेहमीच्या बोलीत लिहावयाचे, त्या बोलीतील वाक्ये हळूहळू नियमबद्ध वाक्यांत बदलावयाची आणि सर्वांत शेवटी चिन्हे आणावयाची, असा पाच पायऱ्यांचा क्रम ठरला. मधल्या दोन पायऱ्यांना मोझेस लोकांचे बोलणे आणि वैशिष्ट्यांचे बोलणे अशा अर्थाची नावे देतात. सामान्य भाषेला शिस्त लावून तर्काची भाषा घडते, हा क्वाइन ह्यांचा विचार त्यांनी येथे उपयोगात आणला आहे.

ह्या पायऱ्यांचे मोल मराठीच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. दादर माटुंग्याच्या अलीकडे की पलीकडे, ह्या प्रश्नाला नुसते उत्तर देता येत नाही. बोरीबंदरकडे उभ्या असलेल्याला ते अलीकडे, ठाण्यातल्या माणसाला पलीकडे. 'अलीकडे' ह्या शब्दात बोलणारा लपलेला असतो. संख्यारेषेवर मात्र बोलणाऱ्याला काढून घ्यावे लागते, त्याच्या जागी एक आरंभबिंदू ठेवावा लागतो आणि दिशा एकदाच ठरवून टाकावी लागते. सेंट्रल हा आरंभ मानला तर पार्क स्ट्रीट एका बाजूला तीन स्थानकांवर, हार्वर्ड विरुद्ध बाजूला एका स्थानकावर. मग बोलणारा कोठेही असो. बोलीतील दर्शक शब्द टाकून संबंधदर्शक रचना स्वीकारणे हे ऋणसंख्या समजण्याचे भाषिक अंग आहे. ज्या मुलाच्या घरी शाळेची भाषा बोलली जाते त्याच्याकडून हे स्थित्यंतर पुष्कळदा नकळत होते. ज्याच्या घरी ती बोलली जात नाही त्याला ते वर्गात करून दाखवावे लागते, आणि त्याची बोली हा अडथळा न मानता पहिली पायरी मानावी लागते. लाबोव्ह ह्यांनी जमिनीवर बसलेल्या परीक्षकाच्या रूपाने जे दाखविले त्याचा अभ्यासक्रम मोझेस ह्यांनी केला, असे म्हणता येईल.

ही पायरी गाळली म्हणजे काय होते ह्याचे उदाहरण शिकागोने पुरविले. १९९७ मध्ये तेथे दुरुस्तीचे वर्ग बंद करून नववीतील प्रत्येक मुलाला बीजगणित सक्तीचे केले. बीजगणितात बसणारी मुले वाढली, नापासही वाढले, आणि चाचणीतील गुण सुधारले नाहीत. २००३ पासून मागे असलेल्या मुलांना बीजगणिताचे दोन तास देण्यात आले. त्या मुलांत शाळा पुरी करणाऱ्यांचे व महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण पुढे वाढलेले आढळले. सान फ्रान्सिस्कोची चूक उलट दिशेची होती. २०१४ मध्ये तेथे आठवीचे बीजगणित सर्वांसाठीच बंद केले, सर्वांनी ते नववीत घ्यावे असे ठरले. वाटा मोडण्याचा ओक्स ह्यांचा विचार तेथे पुढे केला जात होता. वस्तुतः वरच्या वर्गातील सकस अभ्यास सर्वांना मिळावा असे ओक्स ह्यांचे म्हणणे. तो वर्गच काढून टाकावा असे त्यांनी म्हटलेले नाही. ज्यांना शक्य होते त्यांनी बाहेरच्या वर्गांतून बीजगणित पुरे केले किंवा पुढे एका वर्षात दोन विषय घेतले. बारावीच्या प्रगत गणितात गोऱ्या व आशियाई मुलांत एकीकडे आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांत दुसरीकडे जे अंतर होते ते फारसे हलले नाही, असे २०२३ च्या एका अभ्यासात दिसून आले. २०२४ मध्ये तेथील शिक्षणमंडळाने आठवीचे बीजगणित परत आणण्याचा ठराव केला.

मोझेस ह्यांच्या ग्रंथातही दोष आहेत. मोजमापाच्या बाबतीत तो कच्चा आहे. प्रकल्पातील किती मुले कोठवर पोहोचली ह्याची पद्धतशीर मांडणी त्यात सापडत नाही. कार्यकर्त्यांच्या हकीकती पुराव्याच्या जागी येतात, आणि निष्ठावान माणूस नसेल तेथे ही पद्धत कशी चालावयाची ह्याचे उत्तर मिळत नाही. ओक्स ह्यांची शिस्त येथे हवी होती. तथापि अधिक गंभीर प्रश्न मागणीच्या तत्त्वाचा आहे. मिसिसिपीत असे म्हटले जाई की काळ्या लोकांना मतदानात रसच नाही. १९६३ मध्ये चळवळीने स्वतःच एक लुटुपुटीची निवडणूक घेतली आणि ८०,००० हून अधिक लोकांनी मत दिले. आस्थाच नाही हा आक्षेप त्या आकड्यापुढे टिकला नाही. शाळांबद्दलही मुलांना शिकावयाचेच नाही असे म्हटले जाते, आणि मोझेस ह्यांच्या मते त्याचे उत्तर मुलांनीच दिले पाहिजे. त्यांनी स्वतः मागणी केल्यावाचून काही टिकाऊ घडावयाचे नाही. वर ज्या कायद्यांचा उल्लेख केला त्यांचा गुण नेमका ह्याच्या उलट आहे. त्यांत मुलाला मागावे लागत नाही.

हा विरोध केवळ शब्दांचा नाही. ब्रॉवर्डचा प्रयोग पुढे मंदीनंतरच्या काटकसरीत बंद पडला आणि त्या वर्गांतील प्रमाण पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आले. सात-आठ वर्षांच्या मुलांची चाचणी शाळेने न विचारता घेतली होती. ती बंद झाली तेव्हा आपले काय गेले हे कळण्याचा मार्ग त्यांच्या घरांना नव्हता. मूकपणे मिळालेली गोष्ट मूकपणे काढून घेता येते, हा मोझेस ह्यांच्या बाजूचा बळकट युक्तिवाद आहे. उलट पक्षी, मागणी करावयाची भाषा ज्या वर्गात शिकता येते त्या वर्गात येण्यासाठीच आधी मागणी करावयास लावणे म्हणजे मिसिसिपीचा नोंदणी अधिकारी नव्या वेषात परत आणणे होय. दुसरीतील मुलाकडून मागणीची अपेक्षा करता येत नाही. तेथे कायद्यानेच त्याच्या वतीने बोलले पाहिजे. नववी-दहावीतील मुलाची गोष्ट वेगळी आहे. मोझेस ह्यांचे प्रतिपादन वयाच्या ह्या मर्यादेत वाचले तर त्याचा कायद्यांशी विरोध राहत नाही. ग्रंथात ही मर्यादा स्पष्टपणे घातलेली नाही. तिचे सूचन मात्र शेवटच्या भागात मिळते. १९९६ मध्ये बीजगणित प्रकल्पातून बाहेर पडलेल्या तरुणांनी स्वतःची संघटना काढली. माध्यमिक शाळेतील मुले तेथे वेतन घेऊन आपल्याहून लहान मुलांना गणित शिकवितात, आणि ते शिकविताना साहजिकच आपल्याच बोलीत सुरुवात करतात.